फ्रेशर आहे, मला कोण घेणार?

जून लागला, रिझल्ट हातात आले की नाशिकच्या अंबड एमआयडीसीच्या रस्त्यांवर फाइल घेऊन फिरणारी पोरं दिसायला लागतात. एक्सलो पॉइंटवरून आत वळा, दर दुसऱ्या गेटवर कोणीतरी वॉचमनकाकांशी बोलत उभं असतं आणि काकांचं ठरलेलं उत्तर, "बायोडाटा ठेवून जा, फोन येईल". फोन बहुतेक येत नाही. का येत नाही ते मला माहितीये, कारण ते बायोडाटे माझ्या टेबलावर येऊन पडतात.

मी तिथल्याच एका छोट्या युनिटमध्ये आहे, आम्ही प्रेस पार्ट बनवतो, मोठ्या कंपनीच्या व्हेंडरला माल देतो म्हणजे व्हेंडरचे व्हेंडर म्हणा. नावाला मी अकाउंट्सला, पण छोट्या कंपनीत अकाउंट्सवाली म्हणजे बिलं तीच, चलनं तीच, पीएफ-ईएसआय तीच, चहावाल्याचा हिशोब तीच आणि नवीन माणूस घ्यायचा असला की "मॅडम जरा बघून घ्या ना" हे पण तिलाच. एचआर वगैरे काही नाही आमच्याकडे.

परवा मामेभावाचा फोन आला, यंदा बीकॉम झालाय, वैतागला होता. "ताई, जिकडे तिकडे एक-दोन वर्षांचा अनुभव मागतात, मग पहिला अनुभव द्यायचा कोणी? आणि फ्रेशर म्हणून कोणी बोलावलंच तर वर विचारतात की आधी कुठं काम केलंय का." प्रश्न बरोबरच आहे. त्याच्याशी बराच वेळ बोलले, मग वाटलं की जे त्याला सांगितलं ते लिहूनच टाकावं, कारण दरवर्षी कोणाचा ना कोणाचा हाच फोन येतो.

तर आधी मुद्द्याचं. हेल्पर, स्टोअर असिस्टंट, ऑफिस असिस्टंट, बिलिंगला, असल्या पोस्टला सर जेव्हा "अनुभवी बघा" म्हणतात तेव्हा त्यांना कामाची फार चिंता नसते. काम आम्ही शिकवतो, शिकवावंच लागतं, कारण आमचं चलन बुक आमच्यासारखं आणि शेजारच्या कंपनीचं त्यांच्यासारखं. चिंता असते पोरगं टिकणार का याची. नवीन माणूस आला की त्याला सेफ्टी शूज द्या, दोन शर्ट द्या, आयकार्ड काढा, ईएसआयचा म्हणजे कामगार विम्याचा नंबर काढा, यूएएन म्हणजे पीएफचा नंबर काढा, ऑपरेटर स्वतःचं प्रॉडक्शन सोडून त्याला शिकवणार, आणि पहिला पगार झाला की दुसऱ्या दिवशी गडी गायब, फोन स्विच ऑफ. शूज पण गेले. कोणी पोलीस भरतीचं ग्राउंड आहे म्हणून जातो, कोणाची गावाकडं कांदा लागवड असते, कोणाला शेजारच्या गल्लीत पाचशे रुपये जास्त मिळतात, आणि दिवाळीचा बोनस घेऊन गावी गेलेले तर तुळशीचं लग्न झालं तरी येत नाहीत. याच्यात पोरांची चूक आहेच असं मी म्हणत नाही, पगारही तसाच असतो आणि पाचशे रुपये त्या पगारात कमी नसतात. पण मालकाच्या डोक्यात ते बसलेलं असतं. आधी कुठंतरी वर्षभर टिकलेला माणूस दिसला की त्याला वाटतं हा इथंही टिकेल. अनुभवाची अट येते ती इथून.

हे एकदा लक्षात आलं की फ्रेशरने काय सांगायचं ते आपोआप कळतं. तुमच्याकडे वर्षभर टिकल्याचा कागद नाही, ठीक आहे, मग टिकणार कसं ते सांगा ना. राहता कुठं, येणार कसे, गाडी आहे की बस, कोणती शिफ्ट चालेल, पुढं परीक्षा आहे का, असेल तर कोणत्या महिन्यात, कधीपासून येऊ शकता. आमच्याकडे येणाऱ्या बायोडाट्यात हे सोडून बाकी सगळं असतं. वरती ऑब्जेक्टिव्ह म्हणून एक भलं मोठं इंग्रजी वाक्य, चॅलेंजिंग एन्व्हायर्नमेंट, ग्रोथ ऑफ ऑर्गनायझेशन, जे सायबर कॅफेवाल्याने सगळ्यांना सेम टाकलेलं असतं. खाली हॉबी, क्रिकेट आणि गाणी ऐकणे. जात-धर्म, वैवाहिक स्थिती, वडिलांचा धंदा. आणि मोबाइल नंबर? एकदा असा बायोडाटा आला होता ज्याच्यावर नंबरच्या शेवटच्या आकड्यावर पंचिंग मशीनचं भोक पडलेलं. पोरगी चांगली वाटत होती हो, पण बोलावणार कसं.

मी भावाला सांगितलं की ऑब्जेक्टिव्ह काढ आणि तिथं साधं लिही, पवननगरला राहतो, टू-व्हीलर आहे, लायसन आहे, जनरल आणि सेकंड शिफ्ट चालेल, लगेच जॉइन होऊ शकतो, सध्या दुसरा कुठलाही कोर्स किंवा परीक्षा नाही. मराठीत लिहिलंस तरी चालेल, अंबडमध्ये तरी चालतंच चालतं. तो म्हणाला, "ताई हे किती गावठी वाटतं". वाटू दे. माझ्या टेबलावर पन्नास कागद असतील तर मी हाच कागद आधी उचलीन.

राहता कुठं हा प्रश्न नाशिकमध्ये तर फारच मोठा आहे, बाहेरच्यांना कळत नाही. नाशिक छोटं वाटतं पण कंपन्या चार दिशांना पसरल्यात. सातपूर एकीकडे, अंबड त्याच्या खाली, सिन्नर पुणे रोडला तीसेक किलोमीटर, गोंदे मुंबई हायवेला, तिकडे दिंडोरी, ओझर. नाशिकरोडला राहणारं पोरगं सातपूरच्या कंपनीत फर्स्ट शिफ्टला म्हणजे सकाळी सातच्या आत गेटवर पाहिजे, त्यासाठी घरातून किती वाजता निघणार आणि पावसाळ्यात काय करणार? सिटीलिंकची बस आहे, पण शिफ्टच्या टायमाला ती मिळेलच आणि द्वारका सर्कलला अडकणार नाही असं कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मोठ्या कंपन्यांच्या स्वतःच्या बस असतात, आमच्यासारख्यांच्या नसतात. म्हणून मी बायोडाटा हातात आला की पहिलं पत्ता बघते. खुटवडनगर, पवननगर, उत्तमनगर, त्रिमूर्ती चौक, पाथर्डी फाटा असलं काही दिसलं की बरं वाटतं. पंचवटीतला पण चालतो, गाडी असेल तर. सिन्नरवरून रोज येतो म्हणणाऱ्याला मी स्वतःच विचारते की अरे तिथं माळेगाव-मुसळगावला तुझ्या घराजवळ एवढी एमआयडीसी आहे, तिथं का नाही बघत.

त्यामुळे सरसकट दोनशे कंपन्यांना ऑनलाइन अप्लाय करण्यापेक्षा घरापासून अर्ध्या तासात पोहोचता येईल असा एरिया पकडा आणि तिथल्याच कंपन्या पालथ्या घाला. खांबांवर, टपऱ्यांवर चिकटवलेले कागद वाचा, "त्वरित पाहिजेत, हेल्पर, पॅकिंगसाठी मुली, सीएनसी ऑपरेटर". हे कागद कुठल्याही जॉब साइटवर येत नाहीत. पेपरातल्या छोट्या जाहिराती अजून चालतात, सकाळ, लोकमत, देशदूत, आम्ही पण देतो कधीकधी. आणि जाताना दुपारी तीनच्या पुढं जा. सकाळी मालाच्या गाड्या असतात, सगळे डिस्पॅचच्या मागे, कोणाला तुमच्याशी बोलायला वेळ नसतो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पगार चालू असतात, अकाउंट्सवाली बाई तेव्हा कोणाशीच नीट बोलत नाही, हे मी स्वतःबद्दलच सांगतेय.

ओळखीचं काय तर ओळख लागतेच, उगाच नाही म्हणून काय करायचं. पण ती आमदाराची चिठ्ठी वगैरे नसते. आमच्या इथले निम्मे लोक तरी आतल्याच कोणाच्या तरी सांगण्यावरून आलेत, ऑपरेटरचा भाचा, वॉचमनकाकांच्या गल्लीतला, डबेवाल्या मावशींचा मुलगा. कारण परत तेच, ऑपरेटर म्हणतो "मी सांगतो तो जाणार नाही", आणि तो गेला तर ऑपरेटरचं तोंड खाली जातं म्हणून तोच त्याच्यावर लक्ष ठेवतो. तेव्हा काका-मामांना नुसतं "माझं बघा ना कुठंतरी" असं सांगू नका, त्याने काहीच होत नाही. "तुमच्या कंपनीत स्टोअरला कोणी सोडून जातंय का एवढं विचारून सांगा" असं विचारा. नेमकं विचारलं की माणूस नेमकं उत्तर आणतो.

आता समजा बोलावलं. आमच्याकडे इंटरव्ह्यू म्हणजे टेबलाच्या पलीकडे तीन साहेब असलं काही नसतं, मी असते आणि मधेच फोन वाजत असतो. मी "स्वतःबद्दल सांगा" कधी विचारत नाही, ऐकायलाच कंटाळा येतो. मी कागद देते. बिलिंगला आलेल्याला सांगते, ८,४५० रुपयांचा माल आहे, जीएसटी १८ टक्के, पार्टी पुण्याची, बिल कर. आता याच्यात टॅली लागत नाही, मोबाइलचा कॅल्क्युलेटर वापरला तरी माझी हरकत नाही. पुणे म्हणजे महाराष्ट्रातच, म्हणून टॅक्स केंद्राचा आणि राज्याचा अर्धा-अर्धा, सीजीएसटी ९ टक्के ७६०.५० आणि एसजीएसटी ९ टक्के ७६०.५०, एकूण ९,९७१. मग विचारते, हीच पार्टी वापीची असती तर? वापी गुजरातमध्ये, म्हणजे दुसरं राज्य, तिथं एकच टॅक्स, आयजीएसटी १,५२१, टोटल तीच. टॅलीचं सर्टिफिकेट जोडलेली कितीतरी पोरं इथं अडकतात, कारण क्लासमध्ये त्यांनी लेजर निवडलं आणि एंटर दाबलं, सॉफ्टवेअरने सगळं केलं. आणि एक मुलगी आली होती, सर्टिफिकेट काहीच नाही, वडिलांचं हार्डवेअरचं दुकान होतं आणि ती संध्याकाळी बिलं बनवायची, तिने कॅल्क्युलेटर न घेता केलं आणि वर मला विचारलं "मॅडम ट्रान्सपोर्ट चार्ज वेगळा लावायचा का?" बायोडाट्यात दुकानाचं नावही नव्हतं. का नाही लिहिलं विचारलं तर म्हणे ते घरचंच आहे ना, त्याला काय नोकरी म्हणतात का. बाई गं, मला तेच तर पाहिजे होतं! ती अजून आहे आमच्याकडे, आणि आता माझ्या चुका काढते.

तर घरचं दुकान, मेसचा हिशोब, गणपती मंडळाची पावती पुस्तकं, शेतात मजुरांचे पैसे वाटणं, द्राक्ष सीझनला पॅकहाऊसला केलेलं काम, हे सगळं लिहा. पॅकहाऊसचं तर मी मुद्दाम सांगते. जानेवारी ते एप्रिल पिंपळगाव, दिंडोरी, ओझर साइडला एक्स्पोर्टची पॅकहाऊस जोरात चालू असतात, तिथं नुसतं पॅकिंग नसतं, युरोपला जाणाऱ्या मालाला कुठल्या शेतकऱ्याच्या कुठल्या प्लॉटचा माल कुठल्या पेटीत गेला याची नोंद लागते, वजनं लिहायची, ५०० ग्रॅमचे पनेट म्हणजे छोटे प्लास्टिकचे डबे, पेट्या, पॅलेट, लेबल. ज्याने एक सीझन हे केलंय त्याला आमच्या स्टोअरमध्ये बॅच नंबर म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. पण पोरं लिहितात काय, "अनुभव : नाही".

आयटीआयवाल्यांना आमचे प्रॉडक्शनचे सर बघतात. ते पार्ट आणि व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, हातात देतात आणि गप्प बसतात. नुसतं धरलं कसं यावरूनच त्यांना कळतं म्हणतात. मग रीडिंग विचारतात. मेन स्केलवर १२ गेलेलं, व्हर्निअरची अठरावी रेघ जुळतेय, लीस्ट काउंट म्हणजे एका रेघेचं माप ०.०२, अठरा रेघांचे ०.३६, रीडिंग १२.३६ मिलिमीटर. आता कंपनीत सगळीकडे डिजिटल व्हर्निअर आलेत तरी सर मुद्दाम साधाच काढतात कपाटातून. ज्याला येत नाही आणि जो सरळ म्हणतो "सर विसरलो, एकदा दाखवा", त्याला ते दाखवतात आणि दुसरा पार्ट देतात. अंदाजे काहीतरी आकडा ठोकून देणाऱ्याला चहा पाजून परत पाठवतात. तेव्हा आयटीआय करणाऱ्यांनो, इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री इंग्रजीत सेल्फ इंट्रोडक्शन पाठ करण्यापेक्षा मित्राकडून व्हर्निअर आणा.

कुठंच जमत नसेल तर अप्रेंटिस, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी कंपनीत काम शिकणारा उमेदवार, म्हणून बघा, आणि नुसतं आयटीआयवाल्यांनीच नाही. १९६१ चा अप्रेंटिस कायदा आहे, ३० किंवा जास्त लोक असलेल्या आस्थापनांना अप्रेंटिस घ्यावेच लागतात, एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. म्हणजे इथं कंपनीला तुमची गरज आहे, उलटा हिशोब. बीए-बीकॉमवाले पण घेतात काही ठिकाणी. सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नाव टाका, स्टायपेंडचा म्हणजे शिकताना मिळणाऱ्या पैशांचा काही भाग, २५ टक्के पण महिन्याला जास्तीत जास्त १,५००, केंद्र सरकार थेट तुमच्या खात्यात टाकतं, त्यासाठी खात्याला आधार लिंक पाहिजे. आणि हो, अप्रेंटिस हा कामगार धरत नाहीत, त्यामुळे पीएफ वगैरे नसतो, परमनंट करूच असंही नसतं. हे आधीच माहिती असलेलं बरं, नंतर "आम्हाला फसवलं" नको.

दुसरं म्हणजे राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, २०२४ ला आली, काम शिकायचं आणि त्याचे पैसे सरकार देणार. बारावीला महिन्याला ६ हजार, आयटीआय-डिप्लोमाला ८ हजार, ग्रॅज्युएटला १० हजार, वय १८ ते ३५. सुरुवातीला सहा महिने होती मग अकरा केली. त्यातली बरीच पोरं सरकारी ऑफिसात, ग्रामपंचायतीत लागली आणि मुदत संपल्यावर कायम करा म्हणून आंदोलनं झाली, ते तुम्ही बातम्यांत बघितलं असेल. माझं मत विचाराल तर ऑफिस आणि खाजगी कंपनी दोन्ही ऑप्शन मिळत असतील तर कंपनी घ्या. पंखा जास्त फास्ट ऑफिसात असेल, पण मुदत संपल्यावर तिथं जागा काढणं साहेबांच्या हातात नसतं. छोट्या कंपनीत मालकाला तुमचं काम आवडलं तर तो त्याच दिवशी ठरवतो.

आणि तिसरा रस्ता, लेबर कॉन्ट्रॅक्टर. मोठ्या कंपनीच्या गेटातून आत जाणारी निम्मी गर्दी कॉन्ट्रॅक्टरचीच असते हे सातपूर-अंबडला सगळ्यांना माहितीये. वाईटच असं नाही, कितीतरी जणांची सुरुवात तिथूनच झाली. फक्त एवढं बघा की पगार बँकेत येतो का रोख, पीएफ कापतो तर भरतो का, आणि ओव्हरटाइम. ओव्हरटाइमचा रेट कायद्याने डबल आहे. सिंगल देणारे भरपूर आहेत. पहिल्या नोकरीत लगेच भांडा असं मी म्हणणार नाही, पण आपल्याला किती मिळायला पाहिजे होतं ते माहिती असू द्या आणि तास डायरीत लिहून ठेवा, रोजच्या रोज.

पैसे मागणाऱ्यांबद्दल थोडक्यात, कारण हे सगळ्यांना माहिती असून पण दरवर्षी कोणीतरी फसतंच. रजिस्ट्रेशन फी, युनिफॉर्मचे, ट्रेनिंगचे, सिक्युरिटी डिपॉझिट, मेडिकलचे, काहीही नाव देतील. नोकरी देणारा तुमच्याकडून आधी पैसे घेत नाही. घरबसल्या टायपिंग, टेलिग्रामवर लाइक करा आणि पैसे कमवा, एअरपोर्टवर भरती, असलं काही असलं तर उत्तरच देऊ नका. पैसे गेलेच तर रडत बसू नका, लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा, जितक्या लवकर लावाल तितकी रक्कम अडकवता येण्याची शक्यता जास्त. आणि ओरिजिनल मार्कशीट कोणाकडे ठेवायची नाही, दाखवायची आणि परत घ्यायची. झेरॉक्सवर सही करून द्या, वर तारीख आणि कशासाठी दिली ते लिहून.

कागदांवरून आठवलं, नावाचा घोळ. हा विषय कोणी सांगत नाही आणि माझी अर्धी दुपार याच्यात जाते. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, पॅनवर वडिलांचं नाव अर्धंच, एकात "दत्तात्रय" दुसऱ्यात "दत्तात्रेय", जन्मतारीख आधारला नुसतं वर्ष किंवा १ जून, कारण शाळेत घालताना गुरुजींनी टाकलेली. नोकरी लागली की यूएएन आधारवरून निघतो आणि मग बँक, पॅन, आधार यातलं काही जुळलं नाही की पीएफचं केवायसी अडकतं. नोकरी शोधत असताना तुमच्याकडे वेळ आहे, तेव्हाच करून घ्या. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, तेव्हा सेंटरवाल्याने स्क्रीनवर टाकलेलं स्पेलिंग मान वाकडी करून का होईना, स्वतः वाचा.

मुलींसाठी वेगळं सांगायला पाहिजे म्हणून सांगते. आमच्या घरी मी नोकरीचं बोलले तेव्हा आईचा पहिला प्रश्न पगार नव्हता, "सुटायचं किती वाजता" हा होता. तुमच्याही घरी हाच असणार. तर इंटरव्ह्यूलाच विचारा, लाजू नका, सुटायची वेळ काय, महिनाअखेरीला उशीर होतो का, झाला तर सोडायची सोय आहे का, लेडीज अजून कोणी आहेत का आणि टॉयलेट वेगळं आहे का. शेवटचा प्रश्न विचारल्यावर समोरचा चपापला तर समजून जा. आमच्याकडे एकीने विचारलं होतं आणि सर चपापले होते, मग महिन्याभरात कडी नीट झाली आणि लाइट पण लागला.

पगाराचं आता. जाहिरातीत "पगार १७,०००" असतं आणि हातात येतात तेरा हजाराच्या आत, मग पोरं म्हणतात कंपनीने फसवलं. कधी फसवलेलं असतं, कधी नसतं. हिशोब बघा. तुमचा पगार १५ हजार आहे. कंपनी स्वतःच्या खिशातून पीएफचे १,८०० आणि ईएसआयचे सव्वातीन टक्के म्हणजे ४८८ भरते, ते मिळवले की झाले १७,२८८, हाच सीटीसी, म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणारा एकूण खर्च. आता तुमच्याकडून, पीएफ १२ टक्के १,८००, ईएसआय पाऊण टक्का ११३, प्रोफेशनल टॅक्स २००, फेब्रुवारीत ३००. राहिले १२,८८७. मुलींना २५ हजारापर्यंत प्रोफेशनल टॅक्स नाही, एप्रिल २०२३ पासून, म्हणून त्यांच्या हातात १३,०८७. कोणी मुलीच्या स्लिपमध्ये २०० कापत असेल तर जाऊन विचारा, बऱ्याचदा सॉफ्टवेअरमध्ये मेल-फिमेल चुकीचं पडलेलं असतं. म्हणून ऑफर आली की एकच प्रश्न, "मॅडम इन-हँड किती?"

आणि सगळ्याच कंपन्यांना पीएफ लागत नाही, २० च्या खाली लोक असतील तर बंधन नसतं, ईएसआय १० लोकांपासून पुढं. त्यामुळे सात-आठ जणांच्या वर्कशॉपमध्ये पीएफ नाही म्हणाले तर ते चोर आहेत असं नाही. तिथं मात्र पगार बँकेत घ्या आणि जॉइनिंगचं पत्र मागा. नोव्हेंबर २०२५ पासून नवीन लेबर कोड लागू झालेत, त्यात नियुक्तीपत्र द्यायचं आहे सगळ्यांना. छोट्या मालकाला ते माहिती नसेल तर तुम्हीच अर्ध्या पानाचं टाइप करून न्या, तारीख, पोस्ट, पगार, आणि म्हणा "सर सही करता का, बँकेत दाखवायचंय". भांडण न करता कागद मिळवायचा हा सगळ्यात सोपा मार्ग, मी स्वतः दोघातिघांना दिलाय असा टाइप करून. उद्या दुसरीकडे जाताना हाच कागद तुमचा अनुभव.

भावाचं काय झालं विचारणार तुम्ही. पाथर्डी फाट्याजवळच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे लागलाय, बिल्टी म्हणजे गाडीतल्या मालाची पावती बनवायला आणि गाड्यांचा हिशोब ठेवायला. पगार मनासारखा नाही, सुपरवायझर खडूस आहे, जेवायला जागा नाही म्हणून स्कूटरवर बसून डबा खातो, रोज रात्री फोन करून सांगतो. आणि आता त्याला पीएफचं टेन्शन आलंय, कापलाय पण भरलाय का. त्याला सांगितलं की या महिन्याच्या पगाराचा पीएफ कंपनी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरते, त्यानंतर चार-आठ दिवस जाऊ दे आणि मग पीएफचं ऑनलाइन पासबुक उघड. तीन कॉलम दिसतील, तुझे १,८००, कंपनीचे ५५०, आणि पेन्शनचे १,२५०. कंपनीने ५५०च भरले म्हणून भांडायला जाऊ नको, १,२५० पण त्यांचेच आहेत. पण तिन्ही ठिकाणी काहीच नसेल तर सुपरवायझरला विचारू नको, तो "होऊन जाईल" म्हणेल. सरळ अकाउंट्सच्या मॅडमकडे जा, आणि शक्यतो पहिला आठवडा सोडून.